थंडपणा ग्लासातून बाहेर येतो

एका विज्ञान शिक्षिकेचं पत्र आलं आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत त्या ११ वर्षं शिकवताहेत. सातवीच्या दोन तुकड्या आहेत. 'अ' त्यांच्याकडे, 'ब' एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे. यंदा जूनपासून त्यांनी फळ्यावरून नोट्स उतरवून देणं बंद केलं आणि जमेल तो धडा प्रयोगातून घेतला. वर्गात ५८ मुलं, ३५ मिनिटांची तासिका, साहित्य बरंचसं घरून आणलेलं. ऑगस्टमधल्या २० गुणांच्या घटक चाचणीत 'अ'ची सरासरी 'ब'पेक्षा ३ गुणांनी कमी आली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "प्रयोग छान आहेत, पण हीच मुलं उद्या दहावीला बसणार आहेत." पालकसभेत एका आईने मुलाची कोरी वही उघडून दाखवली. मुलंही म्हणू लागली, "बाई शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात." त्या विचारतात, "कृतीतून शिक्षण हे फक्त प्रशिक्षणात ऐकायचं असतं का? सहामाहीच्या आधी मी नोट्सवर परत येऊ का?" सोबत प्रश्नपत्रिका आणि दोन मुलांच्या उत्तरांची झेरॉक्स जोडली आहे.

प्रिय बाई,

तुमचं पत्र वाचलं, पण जास्त वेळ रेंगाळले ती झेरॉक्सवर. प्रश्न होता, 'शास्त्रीय कारण लिहा: थंड पाण्याने भरलेल्या पेल्याच्या बाहेरील बाजूस पाण्याचे थेंब जमा होतात.' 'ब'मधल्या मुलाने लिहिलं आहे, 'हवेतील बाष्पाचे संघनन होते म्हणून.' म्हणजे हवेतली वाफ गार काचेला लागून तिचं पाणी होतं. त्याला २ पैकी २. तुमच्या वर्गातल्या मुलीने लिहिलं आहे, 'ग्लासातला थंडपणा बाहेर येतो आणि त्याचे पाणी होते.' तिला शून्य.

ते शून्य तुम्हाला लागलं आहे, हे पत्रातून कळतं. तुम्हाला वाटतं की ही मुलगी तुमच्या तासाला बसून, ग्लास हातात धरूनही काही शिकली नाही. मला तसं वाटत नाही. १९८३ मध्ये ऑस्बोर्न आणि कॉसग्रोव्ह या दोन संशोधकांनी न्यूझीलंडमधल्या शाळकरी मुलांना जवळपास हेच दाखवून विचारलं होतं. कुणी म्हणालं, पाणी काचेतून झिरपलं. कुणी म्हणालं, थंडपणा काचेतून बाहेर आला आणि त्याचं पाणी झालं. तुमच्या विद्यार्थिनीने तेच लिहिलं आहे. तिच्या डोक्यात गोंधळ नाही, एक सिद्धांत आहे. चुकीचा आहे, पण त्यात कारण आहे, परिणाम आहे आणि तो तिने स्वतः रचलेला आहे. तिने पाहिलंय की ग्लास गार असेल तरच थेंब येतात, साधं पाणी असेल तर येत नाहीत. मग पाणी थंडपणातून आलं असणार, असं तिने ठरवलं.

आणि 'ब'मधल्या मुलाने काय शिकलंय? ते ना तुम्हाला माहीत आहे, ना मला, ना सरांना. त्याला नीट कळलेलंही असेल. पण त्या एका वाक्यावरून ते सांगता येत नाही, कारण तेच वाक्य त्याच्या वहीत आहे, तेच गाईडमध्ये आहे. 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न मुळात विचार करायला लावण्यासाठी आला होता. आता कारणंही 'व्याख्या लिहा'सारखीच पाठ होतात. मी स्वतः वर्षानुवर्षं असे पेपर काढले आणि तपासले, म्हणून हे तळमळीने सांगते.

तेव्हा त्या ३ गुणांच्या फरकाकडे आधी बघू. तुमची प्रश्नपत्रिका मी ओळ न् ओळ वाचली. रिकाम्या जागा, जोड्या, दोन व्याख्या, एक फरक, दोन शास्त्रीय कारणं. पुस्तकातलं वाक्य आठवलं की गुण मिळतील असे १६ गुण तरी त्यात आहेत. ज्या तुकडीने ती वाक्यं लिहून घेतली, दोनदा वाचली, तिला ३ गुण जास्त मिळाले. पद्धत कुणाची चांगली, हे या पेपरातून ठरतच नाही. तुम्ही पोहायला शिकवलंत आणि परीक्षा घेतली ती पोहण्याच्या नियमांची.

पण इथे थांबून 'पेपरच वाईट, मी बरोबर' असं म्हणू नका. तुमच्या पत्रात आणखी एक गृहीत आहे आणि ते मला जास्त अडचणीचं वाटतं. प्रयोग केला म्हणजे कळलं, हे ते गृहीत. तुम्ही लिहिता, "एका तासिकेत तीन प्रयोग बसवले, चर्चेला वेळ उरला नाही." एब्रहॅम्स आणि मिलर या संशोधकांनी इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांत प्रयोगांचे २५ तास बसून पाहिले. २००८ मध्ये त्यांनी जे मांडलं ते आपल्याही शाळांना लागू आहे. शिक्षक मुलांकडून प्रयोग नीट करून घेतात. उपकरणं मांडली जातात, जे दिसायला हवं ते दिसतं. पण जे दिसलं त्याचा कल्पनेशी सांधा जोडण्यावर तासाचा फारच थोडा वेळ जातो. हात चालतात, त्यामुळे डोकंही चालत असेल असं आपण धरून चालतो.

तुम्ही ग्लासाचा प्रयोग कसा घेतलात ते सविस्तर लिहिलंय म्हणून बरं झालं. बर्फाच्या पाण्यात निळी शाई घातलीत, बाहेरचे थेंब पांढऱ्या रुमालाने पुसलेत, रुमाल निळा झाला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुंदर प्रयोग आहे. पण तो कुणाला उत्तर देतो? 'ग्लास गळतो' म्हणणाऱ्याला. 'थंडपणा बाहेर येतो' म्हणणाऱ्या मुलीला त्याने काहीच उत्तर दिलं नाही. उलट तिचा सिद्धांत पक्का झाला. थंडपणाला शाईचा रंग थोडाच लागणार! ती तुमच्या प्रयोगातून तर्कशुद्धपणे बाहेर पडली आणि चुकीच्या जागी पोहोचली.

तिच्यासाठी प्रयोग दुसरा हवा. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, त्यात बर्फ भरा, झाकण लावा, बाहेरून कोरडा पुसा आणि स्वयंपाकघरात वापरतात त्या डिजिटल वजनकाट्यावर ठेवा. आकडा फळ्यावर लिहा. आता विचारा, २० मिनिटांनी वजन वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील? प्रत्येकाने आपला अंदाज आणि कारण चिठ्ठीवर लिहायचं, मगच बघायचं. मुंबईच्या दमट हवेत डब्यावर भराभर थेंब येतात आणि काट्यावर एखाद-दोन ग्रॅम वाढलेले दिसतात. थेंब काट्यावरून खाली ओघळू देऊ नका, एवढी एकच काळजी घ्या. झाकण बंद आहे, आतून काही आलेलं नाही, मग हे जास्तीचे ग्रॅम आले कुठून? या प्रश्नानंतर वर्ग दोन मिनिटं गप्प झाला तर गप्प राहू द्या. उत्तर सांगून टाकायची घाई आपल्या हाडीमाशी असते. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. मनातल्या मनात 'एक, दोन, तीन' म्हणून बघा. सुरुवातीला ते तीन सेकंद फार मोठे वाटतात.

एका तासाला एकच प्रयोग. अंदाज आधी, मग निरीक्षण, मग कारण. उरलेले दोन प्रयोग सोडून द्या, काही बिघडत नाही.

आता नोट्स. बाई, ती कोरी वही दाखवणारी आई चुकलेली नाही. मला वाटतं, या एका बाबतीत तुम्ही चुकलात. नोट्स उतरवून देणं थांबवलंत ते ठीक, पण त्याबरोबर लिहिणंच थांबलं. जी आई सकाळी सातला कामाला निघते आणि रात्री आठला घरी येते, तिच्यासाठी शाळेत काय चाललंय हे कळायची एकच खिडकी असते, ती म्हणजे मुलाची वही. ती कोरी असेल तर तिने काय समजायचं? शिवाय मुलालाही मागे वळून बघायला काहीतरी हवंच. तेव्हा प्रश्न 'प्रयोग की नोट्स' असा नाहीच. नोट्स केव्हा आणि कुणाच्या, एवढाच आहे. डब्याच्या प्रयोगानंतर प्रत्येकाने आपल्या शब्दांत चार ओळी लिहायच्या: मला काय वाटलं होतं, काय दिसलं, आता काय वाटतं. त्याखाली शेवटच्या पाच मिनिटांत तुम्ही पुस्तकातलं वाक्य सांगा: 'हवेतील बाष्पाचे संघनन होते.' ते वाक्य तेव्हा पाठ करायलाही सोपं जातं, कारण त्याला धरायला एक डबा असतो.

पुस्तकी वाक्याला कमी लेखू नका, हेही सांगायला हवं. तुमची मुलं घरी 'ग्लास' म्हणतात, पेपरात 'पेला' येतो. घरी 'वजन' म्हणतात, पुस्तकात 'वस्तुमान' आणि 'वजन' या दोन वेगळ्या गोष्टी असतात. 'बल', 'शक्ती', 'ऊर्जा' आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो, विज्ञानात तिन्हींचे अर्थ वेगळे. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं. त्याच्या पहिल्या काही वर्षांत व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिका शाळांतल्या मुलांबरोबर काम केलं, तेव्हा विज्ञानाच्या पुस्तकांची भाषा हाच एक मोठा अडसर असल्याचं त्यांनी दाखवून दिलं. मुलाची समज आणि परीक्षेची भाषा यांच्यातला पूल कुणीतरी बांधावा लागतो. ज्या घरात आधी कुणी दहावी झालेलं नाही, तिथे तो फक्त तुम्हीच बांधू शकता. म्हणून सहामाहीच्या आधीचे दोन आठवडे पेपर लिहिण्याच्या सरावाला द्या. ती माघार नाही. मुलांनी आपल्या भाषेत लिहिलेलं कारण घ्या आणि वर्गाने मिळून ते 'पेपरच्या भाषेत' आणायचं, असा सराव करून बघा.

"बाई शिकवत नाहीत" हे मुलांचं म्हणणं मनाला लावून घेऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत एक तुलना झाली. तोच विषय काही विद्यार्थ्यांनी उत्तम व्याख्यानातून ऐकला, काहींनी स्वतः प्रश्न सोडवत, चर्चा करत शिकला. चाचणीत दुसरा गट पुढे होता. पण आपण किती शिकलो असं विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपणच जास्त शिकलो असं वाटत होतं. डोक्याला ताण पडला की मुलांना वाटतं, आपल्याला येत नाहीये. ते महाविद्यालयातले विद्यार्थी होते, तुमची सातवीची मुलं आहेत, हा फरक मान्य. तरी मुलांना हे आधीच सांगून टाका: "मी विचारीन, तुम्ही अडखळाल, आणि ते अडखळणं हाच अभ्यास आहे."

आता मुख्याध्यापिका. त्यांना दहावीची काळजी आहे आणि ती खरी आहे. विज्ञानाचे दोन पेपर ४०–४० गुणांचे, प्रात्यक्षिकाचे २०. त्यातून कुणाची सुटका नाही. त्यांच्याशी पद्धतीवरून वाद घालू नका. एक छोटी, मोजता येईल अशी गोष्ट मागा. पुढच्या घटक चाचणीत २० पैकी ६ गुण अशा प्रश्नांना द्या, ज्यांची उत्तरं पुस्तकात जशीच्या तशी सापडणार नाहीत. बाकी १४ आहेत तसे राहू देत. हे प्रश्न तुम्ही आणि 'ब'चे सर, दोघांनी मिळून काढा. त्यांना शर्यतीत ओढू नका. २० वर्षं शिकवलेल्या माणसाला मुलं कुठे अडतात हे तुमच्या-माझ्याहून जास्त माहीत असतं. त्यांना तेच विचारा.

प्रश्न कसा, तर असा: 'एसी लोकलमधून दादरला उतरल्याबरोबर काकांच्या चष्म्यावर धुकं आलं. डब्यात असताना का आलं नव्हतं?' चार पर्याय द्या आणि त्यातला एक 'चष्म्यातला थंडपणा बाहेर आला' हा ठेवा. खाली दोन ओळी मोकळ्या सोडा: 'तू हे उत्तर का निवडलंस?' डेव्हिड ट्रेगस्ट या संशोधकाने १९८८ मध्ये अशा दुपदरी प्रश्नांची रीत मांडली. आधी उत्तर, मग त्यामागचं कारण. त्यात चुकीचे पर्याय मनाने रचायचे नसतात, मुलांच्या बोलण्यातून उचलायचे असतात. तुमच्याकडे तर ते आयतेच आहेत.

हे करायला शासनाचा अडथळा नाही, उलट आधार आहे. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या मूल्यमापनासाठी तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प यांच्याबरोबर 'पुस्तकासह चाचणी'ही दिलेली आहे. रकाने भरण्याच्या धबडग्यात ती कुणी घेत नाही, एवढंच. पुस्तक उघडं ठेवून परीक्षा घेतली की पाठांतराचा प्रश्न आपोआप बाद होतो, कारण तसा प्रश्न विचारण्यात अर्थच उरत नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने हेच केलं. १९७२ मध्ये १६ शाळांपासून तो सुरू झाला. सुरुवातीच्या काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही मदतीला जात. त्यांनी वर्गात प्रयोग आणले आणि त्याबरोबर परीक्षाही बदलली. लेखी पेपर पुस्तकासह, शिवाय प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला, पण ३० वर्षं साध्या सरकारी शाळांतून तो चालला. तुमच्या अडचणीचं मूळ मला इथे दिसतं. तुम्ही वर्ग बदललात आणि पेपर जुनाच ठेवलात. दोन्ही एकत्र हलले नाहीत तर मुलं मध्ये अडकतात आणि गुण त्यांचे जातात.

तपासण्याबद्दल थोडं. ५८ मुलांची कारणं वाचायची म्हटल्यावर पोटात गोळा येतो, मला ठाऊक आहे. म्हणून त्या चिठ्ठ्यांना गुण देऊच नका. फक्त गठ्ठे करा. 'झिरपतं' म्हणणारे एकीकडे, 'थंडपणा' एकीकडे, 'हवेतून' एकीकडे, आणि ज्यांनी नुसतं 'संघनन' लिहून सोडून दिलंय त्यांचा वेगळा गठ्ठा. हा शेवटचा गठ्ठा फसवा असतो, त्यांना तोंडी विचारा, "ते बाष्प आधी कुठे होतं?" अर्ध्या तासात काम होतं. उद्या वर्गात काय घ्यायचं हे ते गठ्ठेच सांगतात. गुण का नकोत, याचंही कारण आहे. १९८८ मध्ये रुथ बटलर या संशोधिकेने इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांच्या कामावर तीन प्रकारे शेरे दिले. काहींना फक्त गुण, काहींना फक्त सूचना, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त सूचना मिळालेल्या मुलांत. दोन्ही मिळालेल्यांना सूचनांचा उपयोग झाला नाही. आकडा दिसला की मुलं पुढचं वाचत नाहीत, शेजाऱ्याचा आकडा बघतात. चाचणीला गुण द्यावेच लागतात, ते द्या. पण सरावाच्या चिठ्ठीवर एक ओळ पुरे, उदाहरणार्थ: 'मग बंद डब्याचं वजन का वाढलं?'

कुणी विचारेल, एवढं करून वर्षअखेरीस 'अ'चे गुण 'ब'च्या पुढे जातील का? याची हमी मी देणार नाही. जुन्या धाटणीच्या १४ गुणांत कदाचित बरोबरी होईल. नव्या ६ गुणांत काय होतं ते बघण्यासारखं असेल, आणि 'ब'ची मुलं तिथे पुढे गेली तर तेही मोकळ्या मनाने मान्य करा. सर शिकवताना असं काय करतात ते जाऊन बघा. तुमच्यासारख्याच पेचात असलेल्या, सेमी इंग्रजीत किंवा महापालिका शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांनाही माझं हेच सांगणं आहे: अख्खं वर्ष बदलायला जाऊ नका. एक घटक निवडा, त्याचे दोन प्रश्न बदला, चिठ्ठ्या वाचा.

आणि ती मुलगी. तिचा पेपर अजून तुमच्याकडेच असेल तर शून्याशेजारी लिहा, 'तुझा विचार आपण तपासून बघू.' डब्याचा प्रयोग कराल त्या दिवशी काट्याजवळ तिलाच उभं करा आणि आकडे तिलाच वाचू द्या. वर्गापुढे ती 'चूक' होती असं म्हणू नका. आपल्या सिद्धांताचं काय करायचं, ते काट्याकडे बघून तिला ठरवू दे. चिठ्ठ्या फेकू नका, रबर लावून कपाटात ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर, कुणी अभ्यास केलेला नसताना, एसी लोकलचा तोच प्रश्न दोन्ही तुकड्यांना पुन्हा द्या आणि दोन्ही वेळचे गठ्ठे शेजारी शेजारी मांडा. काय दिसलं ते मला जरूर कळवा. तिची चिठ्ठी सोबत पाठवलीत तर फार आवडेल.